विमानतळावरील सुरक्षा तपासणी : काय घालावे, काय काढावे आणि केव्हा काढावे

ओझरच्या विमानतळावरून दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबाद अशा शहरांना थेट विमाने जाऊ लागल्यापासून नाशिक जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी पहिल्यांदाच विमानाने निघत असते. तिकीट, ओळखपत्र आणि सामानाचे वजन यांची चौकशी सगळेच करतात; पण सुरक्षा तपासणीच्या रांगेत अंगावर काय असावे, याचा विचार सहसा कोणी करत नाही. प्रत्यक्षात गडबड होते ती तेथेच. पट्टा काढता काढता मोबाइल खाली पडतो, साडीच्या पिना आवाज करतात, खिशातली चुन्याची डबी सापडत नाही आणि मागे उभ्या असलेल्या माणसांच्या नजरेमुळे साधी गोष्टही अवघड वाटू लागते. यातील जवळजवळ सर्व त्रास आदल्या रात्री घरी कपडे निवडताना टाळता येतो. अंगावर धातू कमीत कमी असावा, खिसे पूर्ण रिकामे असावेत आणि जे काढावेच लागणार आहे ते रांगेत शिरण्यापूर्वीच काढून एका जागी ठेवावे, एवढ्या तीन गोष्टींवर पुढील सर्व सूचना उभ्या आहेत.

तपासणीत नेमके काय घडते

कपड्यांकडे वळण्यापूर्वी तपासणीचा क्रम माहीत असणे उपयोगाचे आहे. विमानतळाच्या दारावर ओळखपत्र व तिकीट पाहिले जाते. आत विमान कंपनीच्या काउंटरवर मोठी बॅग देऊन बोर्डिंग पास, म्हणजे विमानात चढण्याची चिठ्ठी, घेतला जातो. त्यानंतर येतो सिक्युरिटी चेक, म्हणजे ज्या ठिकाणी तुमची आणि तुमच्या हातातील बॅगेची स्वतंत्र तपासणी होते. बॅग, मोबाइल, पट्टा, घड्याळ, लॅपटॉप या वस्तू ट्रेमध्ये ठेवून क्ष-किरण यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर सोडायच्या असतात आणि तुम्ही दारासारख्या दिसणाऱ्या चौकटीतून चालत जायचे असते. भारतात ही चौकट वाजली नाही तरी तपासणी संपत नाही. पलीकडे उभा असलेला जवान हातातील यंत्र अंगाजवळून फिरवतो आणि गरज वाटल्यास हाताने चाचपून पाहतो. म्हणून चौकट शांत राहिली म्हणजे लगेच पुढे निघून जावे, असे समजू नये. थांबावे, सांगतील तेथे उभे राहावे आणि हात बाजूला पसरावेत.

देशातील विमानतळांसाठी हे नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी ही केंद्र सरकारची संस्था ठरवते आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजेच सीआयएसएफचे जवान ते अमलात आणतात. एखादी वस्तू चालणार की नाही, याचा तेथील अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. त्यामुळे ‘मागच्या वेळी तर नेऊ दिली होती’ हा युक्तिवाद तेथे फारसा उपयोगी पडत नाही.

चौकट कशामुळे वाजते, हे समजले की कपड्यांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. चौकटीच्या दोन्ही बाजूंत तारेची वेटोळी असतात आणि त्यांच्यामुळे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रातून कोणताही धातू गेला की त्या धातूत क्षणभर सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो यंत्राला कळतो. म्हणूनच चुंबकाला न चिकटणारे सोने, चांदी, तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम हेही यंत्राला कळू शकतात. ‘सोने चुंबकाला चिकटत नाही, मग ते वाजणार कसे’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. मात्र अंगठी, कानातले किंवा ब्लाउजचे हूक यांसारख्या अगदी लहान वस्तूंमुळे चौकट सहसा वाजत नाही. वाजते ती मोठ्या बक्कलामुळे, किल्ल्यांच्या जुडग्यामुळे, जाड कड्यामुळे किंवा अनेक लहान वस्तू एकत्र आल्यामुळे. हातातील यंत्र अधिक जवळून फिरवले जात असल्याने त्याला लहान वस्तूही कळतात. या दोन्ही यंत्रांत क्ष-किरण नसतात, ते फक्त सामानाच्या यंत्रात असतात, ही बाब विशेषतः गरोदर स्त्रियांनी लक्षात ठेवावी.

पुरुषांचे कपडे

पुरुषांच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे. पट्ट्याशिवाय कमरेवर नीट बसणारी पँट निवडली तर सर्वांत मोठी अडचण तेथेच संपते, कारण पट्टा बहुतेक ठिकाणी काढावाच लागतो आणि सैल पँट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ट्रे ओढणे फार अवघड जाते. पट्टा हवाच असेल तर तो घरून बॅगेत ठेवावा आणि तपासणी झाल्यावर लावावा. खिसे कमी असलेली पँट उत्तम. सहा खिशांची कार्गो पँट प्रवासाला सोयीची वाटते, पण प्रत्येक खिशात काहीतरी राहून जाते आणि जवान प्रत्येक खिसा उघडायला लावतो.

खिशातून काढायच्या वस्तूंमध्ये मोबाइल, पाकीट, किल्ल्या, सुटी नाणी आणि पेन यांच्याबरोबर आपल्याकडे हमखास विसरल्या जाणाऱ्या काही वस्तू आहेत. तंबाखूची पुडी, चुन्याची धातूची डबी, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटे, गुंडाळून ठेवलेली बिले आणि रुमाल हे सगळे खिशातून निघाले पाहिजे. कागद वाजत नाही हे खरे, पण हाताने चाचपताना खिशात काहीही जाणवले तरी ते बाहेर काढून दाखवावे लागते. काडेपेटी आणि लायटर हातातील बॅगेत चालत नाहीत आणि काउंटरवर दिलेल्या मोठ्या बॅगेतही चालत नाहीत; ते घरीच ठेवावेत. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदीच आहे.

धोतर, पायजमा, नेहरू शर्ट या वेशात कोणतीही अडचण नाही. उलट त्यात धातू जवळजवळ नसल्यामुळे तपासणी लवकर होते. गांधी टोपी ट्रेमध्ये ठेवण्यास सांगितले जाऊ शकते. फेटा किंवा पगडी ज्यांच्या धार्मिक आचाराचा भाग आहे, त्यांनी ती काढण्याची सक्ती होत असल्यास अधिकाऱ्याशी शांतपणे बोलावे. अशा वेळी वरून यंत्र फिरवून किंवा स्वतंत्र जागी तपासणी करून मार्ग काढला जातो. हातातील जाड तांब्याचे किंवा पोलादी कडे घट्ट बसलेले असून निघत नसेल, तर तसे आधीच सांगावे.

पायांत काय घालावे, हा प्रश्न नाशिककरांसाठी थोडा वेगळा आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून अनेक अभियंते आणि कामगार कंपनीच्या कामासाठी निघतात आणि पायांत तेच कारखान्यातील सेफ्टी शूज असतात. त्या बुटांच्या टोकाला बहुधा पोलादी कवच असते आणि ते चौकटीला हमखास कळते. असे बूट मोठ्या बॅगेत ठेवावेत आणि अंगावर साधे कापडी बूट किंवा चप्पल असावी. इतर बुटांच्या बाबतीत भारतात नेहमी बूट काढायला लावत नाहीत. घोट्याच्या वर जाणारे, जाड तळव्याचे किंवा धातूची सजावट असलेले बूट मात्र काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितले जाते. पादत्राणांबद्दलची ही सावधगिरी डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने बुटात लपवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला, त्या घटनेपासून जगभर वाढली. अमेरिकेत सर्वांनी बूट काढण्याची सक्ती २००६ पासून होती आणि ती जुलै २०२५ मध्ये उठवण्यात आली. सांगायचे तात्पर्य, बूट चटकन काढता-घालता येतील असे असावेत आणि पायमोजे स्वच्छ व न फाटलेले असावेत.

स्त्रियांचे कपडे आणि दागिने

स्त्रियांची तपासणी पडद्याच्या आड, स्वतंत्र कक्षात, स्त्री कर्मचारीच करते. याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही आणि ज्यांना पहिल्यांदा जायचे आहे, विशेषतः घरातील वयस्क स्त्रिया, त्यांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण अनोळखी माणसासमोर हात पसरून उभे राहावे लागेल या कल्पनेनेच अनेकींना ताण येतो. कक्षात लहानशा पायरीवर उभे राहायला सांगतात, यंत्र पुढून-मागून फिरवतात आणि पदर, कंबर, केसांचा अंबाडा या ठिकाणी हाताने पाहतात. पुरुष कर्मचाऱ्याने स्त्री प्रवाशाची अंगझडती घ्यायची नसते. तशी वेळ आली तर स्पष्टपणे नकार द्यावा आणि स्त्री कर्मचारी बोलावण्यास सांगावे.

मंगळसूत्र काढावे लागते का, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. भारतातील विमानतळांवर मंगळसूत्र, जोडवी, चमकी, कानातली कुडी आणि नेहमीच्या बांगड्या काढायला सामान्यतः सांगत नाहीत. यंत्र वाजले तर कर्मचारी त्या जागी पाहते, दागिना आहे हे तिला दिसते आणि विषय संपतो. काचेच्या बांगड्यांचा यंत्राशी काही संबंधच येत नाही. अडचण होते ती दागिन्यांच्या संख्येमुळे. पाटल्या, तोडे, बाजूबंद, कंबरपट्टा, ठुशी आणि पैंजण असे सगळे एकत्र असले तर यंत्र डोक्यापासून पायापर्यंत वाजत राहते आणि प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावे लागते. लग्नाला किंवा मुंजीला जाताना दागिने घालून निघण्याचा मोह होतो, परंतु प्रवासापुरते मंगळसूत्र, दोन बांगड्या आणि कानातले एवढेच अंगावर ठेवून बाकीचे दागिने कापडी पिशवीत गुंडाळून हातातील बॅगेत ठेवावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. काउंटरवर दिल्या जाणाऱ्या मोठ्या बॅगेत दागिने कधीही ठेवू नयेत. दागिने बरेच असतील तर खरेदीच्या पावत्यांची प्रत सोबत असावी आणि बॅग उघडून दाखवण्याची वेळ आली तर ती चारचौघांत न उघडता बाजूच्या खोलीत पाहावी, अशी विनंती करावी.

साडीच्या बाबतीत पिना हाच मुख्य मुद्दा आहे. खांद्यावर एक, निऱ्यांना एक आणि पदराला दोन अशा चार-पाच सेफ्टी पिना सहज होतात. शिवाय केसांत आकडे असतात. त्यांच्यामुळे तपासणी अडत नाही, पण लांबते. प्रवासासाठी अंगावर नीट राहणारी सुती किंवा मऊ रेशमी साडी नेसून एकच पिन लावली तर पुरते. येवल्याची पैठणी किंवा भरजरी शालू नेसून जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. खऱ्या जरीत चांदीची किंवा तांब्याची बारीक तार असते. पदर भरगच्च असेल तर हातातील यंत्राला ती कळू शकते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण कर्मचाऱ्यांना भरजरी साड्यांची सवय असते; पण वेळ थोडा अधिक धरावा. टिकल्या, आरसे आणि धातूचे मणी लावलेले ड्रेस, तसेच धातूची साखळी असलेली ओढणी यांनाही हेच लागू पडते. तार असलेल्या अंतर्वस्त्रांमुळे यंत्र वाजले तर कर्मचारी ते ओळखते, तरी सुती व बिनतारेचे वस्त्र प्रवासात अधिक सोयीचे ठरते. बुरखा किंवा हिजाब घालणाऱ्या स्त्रियांनी ओळख पटवण्यासाठी चेहरा स्त्री कर्मचाऱ्यासमोर, कक्षाच्या आत दाखवण्याची विनंती करावी.

थंडीचे कपडे

डिसेंबर-जानेवारीत निफाड आणि नाशिक परिसरात पहाटेचा पारा बराच खाली येतो आणि सकाळच्या विमानासाठी घरातून अंधारातच निघावे लागते. स्वेटर, जॅकेट, मफलर आणि कानटोपी हे सगळे घालूनच माणूस विमानतळावर पोहोचतो. जाड जॅकेट आणि कानटोपी तपासणीत काढावी लागते. आतला साधा स्वेटर अनेकदा चालतो. म्हणून आत पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा, म्हणजे जॅकेट काढल्यावर अवघडल्यासारखे होणार नाही. जॅकेटचा एक मोठा उपयोग मात्र आहे. रांगेत शिरण्यापूर्वी घड्याळ, किल्ल्या, पाकीट आणि नाणी त्याच्या चेन असलेल्या खिशात घालावीत, चेन लावावी आणि संपूर्ण जॅकेट ट्रेमध्ये ठेवावे. सुट्या वस्तू वेगवेगळ्या ट्रेमध्ये विखुरण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. उन्हाळ्यात हेच काम एखादी लहान चेनची पिशवी करते. ती पिशवी तपासणीच्या आधी हातात असावी आणि नंतर थेट बॅगेत जावी.

ट्रेमध्ये काय ठेवावे आणि का

लॅपटॉप, टॅबलेट, कॅमेरा, चार्जर आणि पॉवर बँक बॅगेतून बाहेर काढून स्वतंत्र ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. यामागचे कारण समजून घेतले तर कंटाळा येत नाही. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर कागद, कापड, अन्न यांसारख्या सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे दिसतात आणि मधल्या प्रकारचे पदार्थ हिरवट दिसतात. लॅपटॉपची बॅटरी आणि धातूचा सांगाडा एवढा दाट असतो की त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही. त्याखाली चार्जरच्या तारांचा गुंता असेल तर पाहणाऱ्याला संशय येतो आणि बॅग पुन्हा यंत्रातून पाठवली जाते किंवा उघडली जाते. काही मोठ्या विमानतळांवर आता अशी यंत्रे बसवली जात आहेत की लॅपटॉप बाहेर काढण्याची गरज उरत नाही. तेथे जवान सांगेल तसे करावे.

बॅग भरताना या वस्तू सर्वांत वर ठेवाव्यात, तारा गुंडाळून एका पिशवीत ठेवाव्यात. एवढे केले तर रांगेत बॅग विस्कटावी लागत नाही. पॉवर बँक हातातील बॅगेतच न्यावी लागते. मोठ्या बॅगेत ती चालत नाही, कारण तिच्यातील लिथियम बॅटरीने पेट घेतला तर विमानाच्या पोटात तो विझवणारे कोणी नसते. १०० वॅट-तासांपर्यंतची (वॅट-तास म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) पॉवर बँक वेगळ्या परवानगीशिवाय चालते. १०० ते १६० वॅट-तासांची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठी नेता येत नाही. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची असते, त्यामुळे ती मर्यादेत बसते. क्षमता बॅटरीवर छापलेली असावी. छपाई पुसली गेलेली असेल तर ती अडवली जाऊ शकते.

नाशिकहून नेण्याच्या वस्तू

अंगावरील कपड्यांइतकाच घोळ हातातील बॅगेत होतो. येथून निघताना चिवडा, मनुका आणि द्राक्षे नेण्यास हातातील बॅगेतही अडचण येत नाही. तिखट आणि मसाल्याची पूड मात्र हातातील बॅगेत ठेवू नये, कारण ती डोळ्यांत फेकता येते आणि म्हणून तिच्यावर बंदी आहे. घरचा काळा मसाला, लोणचे, साजूक तूप आणि तेल मोठ्या बॅगेत, तेही झाकणाला चिकटपट्टी लावून आणि दोन पिशव्यांत गुंडाळून द्यावे. येथील वाइनची बाटलीही हातातील बॅगेत न नेता दुकानातून बंद केलेल्या स्थितीत मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवावी.

२०२७ च्या सिंहस्थासाठी लाखो भाविक रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर येथे येतील आणि त्यांतील बरेच जण विमानाने परततील. त्यांना निरोप देणाऱ्या घरांनी पूजेच्या साहित्याकडे आवर्जून लक्ष द्यावे. कापूर हा ज्वालाग्राही पदार्थ असल्यामुळे तो कोणत्याही बॅगेत नेऊ नये. सुके खोबरे तेलकट असल्यामुळे दोन्ही बॅगांत नाकारले जाते आणि पाण्याचा नारळही एरवी हातातील बॅगेत नेता येत नाही. केरळमधील शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या अखेरीस इरुमुडीतील, म्हणजे डोक्यावर न्यायच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातील, नारळ सोबत नेण्याची मर्यादित काळापुरती खास सवलत द्यावी लागली, यावरून नियम किती काटेकोर आहे ते दिसते. गोदावरीच्या पाण्याची बाटली घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत द्यावी. रुद्राक्षाची माळ, अंगारा, पोथी आणि लहान मूर्ती सोबत ठेवता येतात. पण त्रिशूळ, जड समई किंवा टोकदार घंटा मोठ्या बॅगेतच जावी.

धारदार वस्तूंचा विचार करताना सुरी आणि कात्री सगळ्यांना आठवते, अडकित्ता मात्र कोणालाच आठवत नाही. आजी-आजोबांच्या पानाच्या डब्यात तो असतोच आणि तपासणीत तो अडकतोच, तेव्हा निघण्यापूर्वी डबा उघडून पाहावा. पिंपळगाव, दिंडोरीकडचे बागायतदार छाटणीची कात्री सोबत नेतात. ती मोठ्या बॅगेत ठेवावी. कारखान्यातून जाणाऱ्यांनी स्क्रू ड्रायव्हर, पाने, कटर आणि ड्रिलचे बिट हातातील बॅगेत ठेवू नयेत. नमुन्यासाठी नेलेला यंत्राचा जड धातूचा सुटा भाग क्ष-किरणांत काळ्या ठोकळ्यासारखा दिसतो, म्हणून तो मोठ्या बॅगेत द्यावा आणि कंपनीचे पत्र सोबत असावे. मुलांच्या खेळण्यातील पिस्तूलही चालत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी द्रव पदार्थांचा नियम अधिक कडक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आल्यानंतर जगभर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. तेल, शाम्पू, क्रीम, परफ्यूम, चटणी असे सर्व पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत आणि त्या सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत असाव्यात. यात बाटलीचे माप धरले जाते, आतील पदार्थाचे नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला थोडेच तेल उरले असले तरी ती बाटली चालत नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी.

आजारी, वृद्ध आणि लहान मुले

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने रुग्णालयाने दिलेले कार्ड हातात ठेवावे, चौकटीपाशी पोहोचण्यापूर्वीच जवानाला सांगावे आणि हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. चौकटीतून नेहमीच्या गतीने चालत गेल्याने सहसा अपाय होत नाही, पण तेथे रेंगाळू नये आणि हातातील यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नये. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल किंवा हाडात पट्टी व स्क्रू असतील तर यंत्र वाजण्याची शक्यता मोठी असते. डॉक्टरांचे पत्र असले तरी तपासणी टळत नाही, मात्र प्रश्न कमी होतात. अशा व्यक्तींनी गुडघ्यापर्यंत सहज वर करता येईल असा सैल पायजमा किंवा सलवार घालावी, म्हणजे व्रण दाखवण्याची वेळ आली तरी अवघड होत नाही. श्रवणयंत्र, चष्मा आणि कवळी काढण्याची सहसा गरज नसते.

इन्सुलिन नेहमी हातातील बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ खोक्यात असावे; विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. अंगावर इन्सुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर असेल तर तो काढून क्ष-किरण यंत्रात ठेवू नये. तसे सांगून हाताने तपासणी करून घ्यावी. चालता न येणाऱ्यांसाठी व्हीलचेअर हवी असल्यास विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे. काठी यंत्रातून जाते. त्या वेळेपुरता आधार मागावा, कुणी ना कुणी देतेच.

तान्ह्या बाळाला झोळीत किंवा पट्ट्याच्या पिशवीत बांधलेले असेल तर त्यातून काढून कडेवर घ्यावे लागते आणि पिशवी ट्रेमध्ये जाते. म्हणून गाठी मारण्याची झोळी टाळावी आणि सोबत दुसरे माणूस असेल तर बाळ आधी त्याच्याकडे द्यावे. प्रवासात लागेल तेवढे दूध आणि बाळाचा आहार नेता येतो. पायातले वाळे आणि मनगटावरचे काळे मणी काढण्याची गरज नाही.

निघण्याची वेळ आणि रांगेतील क्रम

नाशिक शहरातून ओझरचा विमानतळ मुंबई-आग्रा महामार्गाने साधारण २० किलोमीटरवर आहे. देशांतर्गत विमानासाठी सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचावे, कारण बॅग देण्याचे काउंटर बहुधा ६० मिनिटे आधी बंद होते. मुंबईहून विमान पकडणाऱ्यांनी कसाऱ्याचा घाट आणि भिवंडी-ठाण्याची गर्दी धरून निघावे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण आमणेनंतरची गर्दी आहे तशीच आहे. गाडीत चार तास बसणार असाल तर किल्ल्या आणि सुटे पैसे त्याच वेळी पिशवीत टाकावेत. वाटेत खर्चासाठी काढलेली नाणी शर्टाच्या खिशात राहतात आणि तपासणीत तीच वाजतात.

सिक्युरिटी चेकच्या रांगेत शिरण्यापूर्वी बाजूला दोन मिनिटे थांबावे. पट्टा काढावा, घड्याळ आणि किल्ल्या पिशवीत घालाव्यात, जॅकेट हातावर घ्यावे, पाण्याची बाटली रिकामी करावी आणि बोर्डिंग पास व ओळखपत्र एका हातात ठेवावे. ट्रे हाती आले की एका ट्रेमध्ये जॅकेट आणि दुसऱ्यात लॅपटॉप व चार्जर ठेवावेत. मोबाइल पिशवीत घालून ती पिशवी बॅगेच्या आत सारावी. आपल्या वस्तू यंत्रात आत गेल्याचे पाहूनच चौकटीकडे जावे, विशेषतः पैसे आणि दागिने असतील तेव्हा. कुटुंबासोबत असाल तर सर्वांत चपळ व्यक्तीने आधी पलीकडे जावे आणि बॅगा उचलाव्यात, वयस्कांनी मध्ये आणि सगळ्यांचे सामान यंत्रात गेल्याची खात्री करणाऱ्याने शेवटी यावे. स्त्रियांच्या कक्षापुढे वेगळी रांग असते आणि ती अनेकदा हळू सरकते, त्यामुळे पुरुषांनी पलीकडे जाऊन घरच्या स्त्रियांचे ट्रे आधी सांभाळावेत.

यंत्र वाजले तर घाबरून खिशात हात घालू नये. काय असू शकते ते तोंडाने सांगावे आणि सांगितल्यावरच काढून दाखवावे. काही वेळा हातावर किंवा बॅगेवर कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात तपासतात. ती स्फोटकांच्या सूक्ष्म कणांची चाचणी असते आणि ती कोणाचीही होऊ शकते. विनोद म्हणूनसुद्धा बॉम्ब, स्फोटक असे शब्द तेथे उच्चारू नयेत, कारण त्याची चौकशी होते आणि विमान चुकू शकते. काही विमानतळांवर बोर्डिंग पासवर शिक्का मारतात. तो उमटला आहे का, हे कक्षातून बाहेर पडण्यापूर्वीच पाहावे.

तपासणी झाल्यावर ट्रेपाशीच सगळे अंगावर चढवत बसू नये. सामान उचलून जवळच्या बाकावर जावे आणि तेथे एक एक वस्तू मोजून घ्यावी. ट्रेच्या तळाशी राखाडी रंगावर राखाडी चार्जर किंवा काळे घड्याळ सहज राहून जाते. दोन प्रवाशांचे लॅपटॉप सारखे दिसतात, म्हणून आपल्यावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असावी. विमानात बसल्यावर एखादी वस्तू राहिल्याचे लक्षात आले तर उतरल्यावर लगेच ज्या विमानतळावर तपासणी झाली तेथे संपर्क साधावा. सीआयएसएफ असलेल्या विमानतळांवर सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवली जाते आणि ती यादी दलाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ओझरच्या बाबतीत टर्मिनलमधील कार्यालयात बोर्डिंग पासची प्रत आणि वस्तूचे वर्णन द्यावे. त्यासाठी बोर्डिंग पास मुक्कामी पोहोचेपर्यंत फाडून टाकू नये.